अपेंडिक्सच्या तोंडाशी

१२ जून

दादा,

तुझे फोन मी मुद्दाम उचलत नाहीये. फोनवर तू बोलतोस आणि मी नुसतं "हं, हं" करते, हे आपलं लहानपणापासून चालत आलंय. पत्रात तुला मधेच तोंड घालता येणार नाही, म्हणून पत्र. सावकाश वाच.

माझ्या पोटात काय आहे?

हा प्रश्न मला तुला विचारावा लागतोय याचाच संताप येतोय. पोट माझं. तुझी ती दुर्बीण गेली ती माझ्या आतड्यात. ते घाणेरडं औषध तांब्याने पिऊन दिवसभर संडासाच्या खेपा घातल्या त्या मी. आणि आत काय दिसलं ते माझ्या नवऱ्याला माहीत, वहिनीला माहीत, तुझ्या त्या सर्जन मित्राला माहीत. मला काय सांगितलंस? मी अजून भुलीच्या गुंगीत होते, तू डोक्यावर टपली मारलीस आणि म्हणालास, "चिमे, सगळं झकास आहे. अपेंडिक्स जरा सुजलंय, ते सवडीने काढून टाकू." भाऊ पोटाचा डॉक्टर आहे, नशीबच म्हणायचं, असं म्हणत मी खुळी घरी आले.

मला कसं कळलं तेही ऐक. लग्न झाल्यापासून ज्या माणसाने स्वतःची कपबशी कधी उचलली नाही, तो तुझ्याकडून परत आल्यापासून भांडी घासायला लागला. बसची ड्यूटी संपली की स्टिअरिंग सोडून थेट घरी. मी काचेच्या कारखान्यात बर्नरसमोर बसलेली असले की येऊन विचारणार, "गॅसची टाकी बदलून देऊ का?" मी गंमत म्हणून म्हटलं, बाहेरची भिंत जांभळी रंगवू या, तर म्हणे, "रंगवू की." इतका गोड नवरा मी जन्मात पाहिला नव्हता. मला वाटलं, याचं बाहेर काहीतरी आहे. रविवारी त्याला समोर बसवलं आणि विचारलं, "कोण आहे ती?" दादा, तो ढसाढसा रडायला लागला. मी मनात म्हटलं, झालं, आहे खरंच कोणीतरी.

आणि मग त्याने सांगितलं. अपेंडिक्सच्या तोंडाशी गाठ आहे. मोठ्या आतड्याची उजवी बाजू कापून काढायची आहे. आणि मला सांगायचं आहे अपेंडिक्स! म्हणजे मी अपेंडिक्स समजून कागदावर सही करणार, आणि तुम्ही आतून हातभर आतडं काढून घेणार. टाके दिसले असते तेव्हा काय सांगणार होतात रे? की अपेंडिक्स जरा लांबलचक निघालं?

आपल्या घराची ही जुनीच खोड. आईच्या शेवटच्या आजारात गल्लीतल्या दूधवाल्यालासुद्धा माहीत होतं, एक आई सोडून. तिने विचारलं की तू म्हणायचास, "पित्त आहे गं." शेवटी शेवटी तिने विचारणंच सोडलं. तुला वाटलं, तिची समजूत पटली. मला तसं कधीच वाटलं नाही.

तेव्हा आता मला लिहून पाठव. मला, नवऱ्याला नव्हे. गाठ कुठे आहे, केवढी आहे, कसली आहे आणि त्याला काय काय करता येतं. सगळं.

तुझी बहीण


१९ जून

चिमे, बाई गं,

केवढं ते पत्र! वहिनीने वाचलं (हो, वाचलं, तिने पाकीट माझ्याआधी फोडलं) आणि म्हणाली, "बरं झालं, तुमचे कान कुणीतरी उपटायलाच हवे होते." घरात आता माझ्या बाजूने कोणीच नाही.

मेहुणेबुवांची मात्र कमाल आहे. मी त्यांना कॉरिडॉरमध्ये बाजूला घेऊन दोनदा बजावलं होतं. अख्खी बस भरून माणसं नेणाऱ्या माणसाच्या पोटात एक गोष्ट राहू नये? त्यांना माझा निरोप सांग, की पुढच्या वेळी गुपित सांगायची पाळी आली तर मी बसमधल्या आरशाला सांगेन.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मोठं आतडं पोटात उजवीकडे खाली सुरू होतं. तिथे एक रुंद पिशवी असते आणि त्या पिशवीच्या तळाशी अपेंडिक्सचं तोंड उघडतं, एवढंसं. त्या तोंडाला वेढून तुझ्या आतड्याच्या अस्तरावर एक चपटी वाढ आहे. आम्ही तिला पॉलिप म्हणतो. मी तपासायला तुकडा घेतला, रिपोर्ट साधा आला. कॅन्सर नाही. पण अशा वाढी वर्षानुवर्षं राहिल्या तर बिघडतात, म्हणून काढायची. आणि ती जागाच अशी अडचणीची आहे की उपाय एकच, ऑपरेशन. उजव्या बाजूचा थोडा भाग काढून दोन टोकं जोडतात. माणसं आठवड्याभरात घरी जातात आणि महिन्या-दोन महिन्यांनी कामाला लागतात.

तुला सांगितलं नाही कारण मी तुला ओळखतो. शाळेत टोचायला नर्स आली की रांगेतून पळून तू बाकाखाली लपायचीस, आणि मला वर्गातून बोलवून आणायचे, तुला बाहेर काढायला. तुला भीतीने झोप लागली नसती. एवढे दिवस तू शांत झोपलीस ना? मग माझं काय चुकलं?

सर्जनशी बोलणं झालंय. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ये. वहिनीने मागची खोली आवरून ठेवलीय, खिडकीला नवे पडदे लावलेत. आता डोकं थंड कर आणि भावावर सोड.

दादा


३० जून

दादा,

बाकाखाली लपत होते तेव्हा मी सात वर्षांची होते. आता मी पन्नाशी ओलांडलीय. दिवसभर पेटत्या बर्नरसमोर बसून प्रयोगशाळांसाठी काचेच्या नळ्या आणि चंबू घडवते. माझ्या दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग आहेत. तू ते पाहिलेसही असशील, पण तुझ्या डोक्यात मी अजून त्या बाकाखालीच आहे.

तुझं पत्र घेऊन मी इथल्या पोटाच्या डॉक्टरकडे गेले. तू माझा भाऊ आहेस हे त्याला सांगितलं नाही. तरुण मुलगा आहे, कागदावर छान चित्र काढून दाखवतो. पिशवी काढली, तिच्या तळाशी एक ठिपका काढला, ठिपक्याभोवती वेटोळं काढलं. मग म्हणाला, "याला दोन रस्ते आहेत."

दोन, दादा. तू लिहिलंस एकच.

म्हणाला, वाढ अपेंडिक्सच्या तोंडात फार खोल शिरली नसेल आणि तिची कड दिसत असेल, तर तीही दुर्बिणीनेच काढता येते. पोट न कापता. सगळ्यांना जमत नाही, जागा अवघड आहे, पण एक डॉक्टरीणबाई आहेत, त्या करतात, दुरून दुरून पेशंट येतात त्यांच्याकडे. त्याने नाव सांगितलं आणि मी खुर्चीवरून उठलेच. तिचा फोटो तुझ्या बैठकीच्या खोलीत लावलाय! तुझ्या शेजारी उभी आहे, हातात बक्षिसाची ढाल घेऊन. तुझी विद्यार्थिनी. वहिनी तिच्याबद्दल बोलताना थकत नाही. म्हणजे तुला हे माहीत नव्हतं असं तू म्हणूच शकत नाहीस. तूच तिला शिकवलंस! जे तू जगाला शिकवतोस ते बहिणीला सांगायचं नाही, हा कुठला न्याय?

मी तिच्याकडे जाऊनही आले. हो, सरळ बसमध्ये बसून. तिला मात्र सांगितलं मी कोणाची बहीण ते. तिने हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "सरांना माहीत आहे तुम्ही इथे आलात हे?" मी म्हटलं, "सरांना काय माहीत असावं ते आता मी ठरवणार." ती हसली नाही, पण तिला हसू आलं होतं.

दादा, ती मला एकदाही "घाबरू नका" म्हणाली नाही. काय काय होऊ शकतं ते तिने सांगितलं. आतड्याला भोक पडू शकतं. रक्त येऊ शकतं. नंतर अपेंडिक्सला सूज येऊ शकते. सगळी वाढ निघाली असं वाटलं तरी तपासणीत काही वेगळंच निघालं तर शेवटी ऑपरेशन करावं लागू शकतं. काहीच झालं नाही तरी काही महिन्यांनी परत दुर्बीण घालून बघायला लागेल. मी म्हटलं, आणि सरळ ऑपरेशन केलं तर? तर तेही तिने तितकंच नीट सांगितलं, चांगलं आणि वाईट दोन्ही. मग म्हणाली, "विचार करा, घाई नाही." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या पोटाबद्दल माझ्याशी बोललं.

मी तिच्याकडून करून घेतेय. तुझ्या सर्जन मित्राला सांग, माझी तारीख दुसऱ्या कुणाला द्या. वहिनीला सांग, पडदे छान असतील, पण मी येणार नाही.

तुझी बहीण


६ जुलै

चिमे,

आता माझंही ऐकून घे, आणि या वेळी थट्टा नाही.

तू काचेचे चंबू फुगवतेस म्हणून तुला आतडं कळतं असं समजू नकोस. त्या जागी आतड्याची भिंत ओल्या कागदाएवढी पातळ असते. भोक पडलं तर पोटात घाण पसरते आणि मग धावपळ करून पोट उघडावं लागतं, ते ऑपरेशन आताच्या ऑपरेशनच्या दसपट वाईट. मी ते पाहिलंय. तू पाहिलेलं नाहीस. तुला एका पोराने कागदावर ठिपका काढून दाखवला आणि तू निघालीस!

आणि ती. तिचा हात चांगला आहे. माझ्यापेक्षा चांगला आहे, घे, लिहून दिलं. पण चांगल्या हातालाही अपेंडिक्सच्या आत काय आहे ते दिसत नाही. कुणालाच दिसत नाही. वरचं काढलं आणि आतलं राहिलं, तर सहा महिन्यांनी, वर्षाने परत तेच. परत दुर्बीण, परत ते औषध, परत रिपोर्टची वाट बघायची. मला माझ्या बहिणीच्या पोटात "कदाचित" नकोय. मला ते एकदाचं निघालेलं हवंय. याला तू न्याय म्हण नाहीतर अन्याय, मला फरक पडत नाही.

आईचं नाव मधे आणलंस. आई शेवटपर्यंत हसत होती. तिला सांगितलं असतं तर तिने ते शेवटचे महिनेही रडण्यात घालवले असते. तुला तेव्हा काही बोलायचं होतं तर तेव्हा बोलायचं होतंस. तेव्हा तूही मूग गिळून बसली होतीस. आज माझ्यावर तोंडसुख घेतेस.

माझं न ऐकता गेलीस तर मला कळवू नकोस. पुढे काही झालं तर माझ्याकडे येऊ नकोस. मी हे रागात लिहितोय असं वाटत असेल तर बरोबर वाटतंय.

दादा


१४ जुलै

दादा,

उद्या आहे. तुला कळवतेय, परवानगी मागत नाहीये.


२९ जुलै

दादा,

तू कळवू नकोस म्हणाला होतास, तरी लिहितेय, कारण मला तुला काही विचारायचंय. आधी झालं काय ते सांगते.

खोली गार होती. मला डाव्या कुशीवर झोपवलं. भूल अर्धवटच दिली होती, मीच तसं मागितलं होतं, आणि पडदा मला दिसेल असा फिरवून घेतला. नवरा बाहेर बसला होता. त्याने दिवसाची रजा टाकली होती आणि तरी ड्यूटीचाच शर्ट घालून आला होता.

आतडं आतून गुलाबी असतं, दादा. चकचकीत. तू रोज बघतोस, मला नवल वाटलं. दुर्बीण वळत वळत तळाशी गेली आणि ती म्हणाली, "हे बघा, हेच." काठाला चिकटलेला फिकट चट्टा, मधे ते बारीक भोक. मला वाटलं होतं काहीतरी भयंकर दिसेल. तसं काही नव्हतं. मग तिने आत हवेऐवजी पाणी भरलं. पाणी भरलं तसा तो चट्टा हळूहळू उचलला गेला आणि त्याची आतली कड भोकातून वर तरंगत आली. "आली बाहेर," ती म्हणाली. तिने तारेचा फास त्याच्याभोवती टाकायला घेतला आणि मधेच थांबली.

एका बाजूने तो उचललाच जात नव्हता. तिने खाली औषध टोचलं, तरी तिथे फुगला नाही. आतड्याला तिथे घट्ट चिकटून बसला होता. ती नर्सला म्हणाली, अगदी हळू, "इथे कोणी इतके चिमटे घेतलेत?" नर्सने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मला ऐकू येतंय."

ती मला म्हणाली, तपासायला एखाद-दुसरा तुकडा घेणं वेगळं, पण अशी वाढ पुढे दुर्बिणीने काढायची शक्यता असेल तर तिला उगाच फार चावे घ्यायचे नाहीत, हे पहिल्या वर्षाच्या पोरांना सांगतात. जखम भरते, तिथे व्रण होतो आणि वाढ खालच्या थराला चिकटून बसते. मग फास बसत नाही. तिने सगळं काढलं, पण त्यात फार वेळ गेला. व्रणाच्या बाजूला तिला खूप खोल जावं लागलं आणि शेवटी क्लिपा लावून जागा बंद करावी लागली. घामाने तिची टोपी भिजली होती.

तू लिहिलं होतंस, "तपासायला तुकडा घेतला." एक तुकडा. दादा, तू किती घेतलेस?

त्यानंतर दोन दिवसांनी ताप आला आणि उजवीकडे असं दुखलं की पाय सरळ करता येईना. अपेंडिक्सला सूज. तिने आधीच सांगितलं होतं, तसंच झालं. परत दाखल झाले, सलाईन, इंजेक्शनं. (बाकाखाली लपले नाही.) आता बरी आहे, घरी आहे. बर्नर अजून पेटवलेला नाही. चंबूत फुंकर मारायला गेलं की पोटात ओढ बसते.

तू म्हणशील, मी सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतंस. तुझी भीती काही खोटी नव्हती, दादा. पण दुखत होतं तेव्हा हे कशाने दुखतंय ते मला माहीत होतं. तुला हा फरक कळतो का? मला नाही वाटत. कळत असता तर आईला तू पित्त सांगितलं नसतंस. आणि हो, मीही गप्प बसले होते तेव्हा. तू बोलत होतास ना. घरात तू बोलत असलास की बाकीचे गप्पच बसतात.

माझ्या प्रश्नाचं उत्तर दे. नीट दे.

तुझी बहीण


५ ऑगस्ट

चिमे,

नऊ.

एक घेऊन थांबायला हवं होतं. मी हेच शिकवतो, तिलाही मीच शिकवलंय. पडद्यावर ते दिसलं आणि मला कळलं की हे साधं दिसत असलं तरी मला आवडलेलं नाही. पहिला तुकडा घेतला, वाटलं की नेमका चांगल्या जागेचा आला असेल. दुसरा घेतला. मग थांबताच येईना. दुसरा कुणी पेशंट असता तर मी एक घेतला असता, हात धुतले असते आणि चहा प्यायला गेलो असतो. माझी नर्स दोनदा म्हणाली, "सर, पुरे." तिसऱ्यांदा तिने चिमटा पुढे केलाच नाही. मी तो हिसकावून घेतला. वीस वर्षांत मी असा कुणाशी वागलो नव्हतो.

बाहेर येऊन मेहुण्यांना सांगितलं, आणि त्याच क्षणी मला माहीत होतं की आता दुर्बिणीने काढणं अवघड करून ठेवलंय मीच. म्हणून म्हटलं, ऑपरेशन. म्हणून लिहिलं, एकच उपाय. तिच्याकडे गेलीस तर ती बघताक्षणी ओळखणार, हेही माहीत होतं. मागचं पत्र रागात लिहिलं होतं हे खरं, पण त्या रागातला निम्मा तुझ्यावर नव्हता.

तू मला फाडून खा, माझी हरकत नाही. पण रिपोर्ट कळव. काढलेल्या गाठीचा रिपोर्ट एव्हाना यायला हवा. मी परवा तिला फोन केला. म्हटलं, माझ्या बहिणीचा रिपोर्ट काय आला? तर माझी विद्यार्थिनी, जिला मी दुर्बीण धरायला शिकवलं, ती मला म्हणाली, "सर, पेशंटला विचारा." आणि फोन ठेवला! मी तिला परत फोन लावला, तिने उचलला नाही. वहिनी म्हणते, तिने बरोबर केलं. मला माहीत आहे बरोबर केलं. पण चिमे, मला रात्री झोप येत नाहीये. वाटेल ते आलं असलं तरी कळव.

दादा


१२ ऑगस्ट

दादा,

रिपोर्ट तुझं पत्र यायच्या आधीच आला होता. मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. तू पत्रपेटीपाशी जाऊन रिकाम्या हाताने परत येतोयस, वहिनीला विचारतोयस, तिलाही काही माहीत नाहीये, हे मी रोज डोळ्यासमोर आणत होते. मला बरं वाटत होतं. तुला कळू दे म्हटलं, स्वतःच्या माणसाच्या पोटातली गोष्ट जगाला माहीत असते आणि आपल्याला नसते तेव्हा कसं वाटतं. एक आठवडा मी तुला असं लटकावून ठेवलं. याबद्दल मी माफी मागणार नाही.

पण आज सकाळी नवऱ्याने विचारलं, "रिपोर्ट आला का गं?" आणि माझ्या तोंडून पटकन निघालं, "नाही अजून, चांगलाच येईल." इतक्या सहज! मला शिकवावंही लागलं नाही. आपल्या घरातली खोड माझ्याही जिभेवर बसलीय, दादा. मला इतका राग आला, तुझ्यावर आणि माझ्यावर, की मी कारखान्यात गेले आणि हे लिहायला बसले. त्याला अजून सांगितलेलं नाही. त्याच्या आधी तुला सांगतेय, कारण हे सांगायचं कसं ते तुला कुणी शिकवलेलंच नाही.

ऐक. गाठीच्या एका कोपऱ्यात कॅन्सर निघाला. बाकीची साधी होती, म्हणून तुझ्या नऊ तुकड्यांतही तो सापडला नाही. तो कोपरा वरवर राहिलेला नाही, खालच्या थरात उतरलाय, आणि जिथे कापलं त्या कडेपर्यंत पोचलाय. म्हणजे आत थोडा राहिला असू शकतो. म्हणून उजव्या बाजूचं आतडं काढायला लागणार. तू पहिल्यापासून म्हणत होतास तेच ऑपरेशन. स्कॅन केला, त्यात बाकी कुठे काही दिसत नाही. तिच्या मते लवकर सापडलंय आणि काढल्यावर मी बरी होईन अशी चांगली आशा आहे. खात्री ती देत नाही. मला भीती वाटतेय. हे सगळं मी तिच्यासमोर बसून ऐकलं आणि तिथेच रडले. तिने टेबलावरचा कागदी रुमालाचा डबा माझ्याकडे सरकवला आणि माझं रडून होईपर्यंत समोर बसून राहिली.

अजून एक. तुझ्या चिमट्यांमुळे कॅन्सर झाला का, पसरला का, हे मी तिला विचारलं. तुझ्यासाठी विचारलं, माझ्यासाठी नाही. ती म्हणाली, नाही. काढायला त्रास झाला, एवढंच. ते तेव्हाही तिथे होतंच. तू बघितलंस आणि तुला ते आवडलं नाही, तुझे डोळे चुकले नव्हते. तेवढं एक वाक्य तू मला त्या दिवशी सांगितलं असतंस, "चिमे, मला हे आवडलेलं नाही," तर मी तुझा हात धरून त्याच आठवड्यात ऑपरेशनला आले असते. मला तुझाच राग सगळ्यात जास्त येतो आणि विश्वासही सगळ्यात जास्त तुझ्यावरच आहे, हे तुला अजून कळलेलं नाही.

आता मी तुझ्याकडेच येतेय. तुझ्या त्या सर्जन मित्राकडेच करणार. पण सही करायच्या आधी तो काय काढणार, किती काढणार, का काढणार, हे मला समोर बसवून सांगेल, आणि तू तेव्हा खोलीत नसशील. वहिनीला मी स्वतः सांगेन. तू सांगू नकोस. आज संध्याकाळी नवऱ्याला सांगणार आहे. तो रडेल, मग मी रडेन, मग बहुतेक भांडी मीच घासेन.

ऑपरेशनच्या दिवशी पांढरा कोट घालून आत यायचं नाही. बाहेर बाकावर नवऱ्याच्या शेजारी बस. सर्जन बाहेर येईल आणि सवयीने तुझ्याकडेच वळेल. तेव्हा उठून त्याला सांग, "तिला शुद्धीवर येऊ दे. आधी तिला सांग." तुला ते फार जड जाईल, मला माहीत आहे. तरी सांग, आणि परत बाकावर जाऊन बस. मी तुला आत बोलावेन आणि काय झालं ते सांगेन.

तुझी बहीण